अभिमान आणि पात्रता



आषाढी एकादशी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. कुणाची नात रुक्मिणी झालेली असते, कुणाचा नातू विठोबा होऊन कमरेवर हात ठेवून उभा असतो. डोळ्यांत झोप, कपाळावर गंध ओघळलेलं. मागे कागदी पताका, प्लास्टिकची तुळशीवृंदावनं आणि शाळेच्या नावाचा मोठा फलक. मीही कौतुकाने अंगठा वर करते. गोड दिसतात हो पोरं, खोटं कशाला बोलू!

पण ३४ वर्षं मास्तरकी केलेल्या बाईच्या डोक्यात एक प्रश्न उरतोच. त्या दिवशी मुलं शिकली काय? शाळेच्या वार्षिक अहवालात या दिंडीची नोंद 'मूल्यसंवर्धन', 'संस्कार', 'परंपरेची ओळख' अशा शब्दांत होते. म्हणजे शाळेचं म्हणणं असं की यातून चांगला नागरिक घडतो. कसा घडतो, हे मात्र कुणी सांगत नाही. आज त्याबद्दलच चार शब्द लिहिते. चाराचे चाळीस होतील, सवय आहे!

आपण सगळ्यांनीच शाळेत रोज प्रतिज्ञा म्हटली आहे. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि मग ती देशातल्या सगळ्या भाषांत गेली. तिच्यात परंपरांविषयी लागोपाठ दोन गोष्टी येतात. एक, परंपरांचा अभिमान. आणि लगेच दुसरी, त्या परंपरांचा पाईक व्हायची पात्रता अंगी यावी म्हणून झटण्याची. मी सहावीच्या वर्गात दरवर्षी विचारत असे, 'पाईक' म्हणजे काय रे? बहुतेक वर्षी वर्ग गप्प. एका वर्षी एकाने मोठ्या आत्मविश्वासाने 'पाण्याचा पाइप' असं सांगितलं होतं. पाईक म्हणजे पायी चालणारा शिपाई, सेवक. रोज म्हणायचं, पण कशाची पात्रता अंगी आणायची ते ठाऊक नाही, अशी ही गंमत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या शाळा परंपरेतून अभिमान तेवढा उचलतात आणि पात्रता तशीच सोडून देतात. अभिमान एका दिवसात उरकता येतो. धोतर-नऊवारी भाड्याने मिळते, फोटो निघतो, झालं. पात्रतेला वर्ष लागतं आणि त्यात थोडी अडचणही असते. ती कशी, ते पुढे सांगते.

आधी नागरिकशास्त्राची शाळेतली जागा बघू. सहावी ते आठवी हा विषय इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला असतो. नववी-दहावीला त्याचं नाव राज्यशास्त्र होतं, शेपूट तेच राहतं. इतिहास संपवता संपवता फेब्रुवारी उजाडतो आणि मग ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, संसद अशा सगळ्यांची आठ दिवसांत वरात निघते. सरपंच कोण निवडतो ते पाठ होतं. पण गावात ग्रामसभा भरते त्या दिवशी आपली आई तिथे का जात नाही, हा प्रश्न वर्गात येत नाही.

याची उणीव भरून काढायला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'मूल्यशिक्षण' आलं. श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, वक्तशीरपणा अशी दहा मूल्यं. परिपाठात रोज एक सुविचार, एक बोधकथा, एक समूहगीत. मग २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन शासनाने सक्तीचं केलं. ते योग्यच केलं. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा मुलांनी गीतेचा अध्याय आणि मनाचे श्लोक पाठ करावेत की नाही यावर बरंच रण माजलं. दोन्ही बाजूंचे लेख मी वाचले. मला वाटत राहिलं की भांडण चाललं आहे ते काय पाठ करायचं यावर. पाठांतराने नागरिक घडतो, हे दोन्हीकडच्यांनी गृहीतच धरलेलं! अहो, मी मराठी शिकवलेली बाई, पाठांतराचं मोल मला कळतं. जीभ सुधारते, भाषा सुधारते. पण रांगेत घुसणारा माणूस सुविचार पाठ नसल्यामुळे घुसत नाही.

मग परंपरेतून शिकवायचं तरी काय? माझं उत्तर सांगते. तिचे नियम शिकवावेत. आपल्या परंपरा नुसत्या गाण्या-नाचण्याच्या आणि नैवेद्याच्या नाहीत. पुष्कळ माणसांनी एकत्र राहायचं, वाटून घ्यायचं, भांडण मिटवायचं कसं, याचे बारीक बारीक नियम त्यांच्यात आहेत. ते कुठे लिहिलेले नसतात म्हणून दिसत नाहीत.

वारीचंच बघा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात दिलं. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. लाखो माणसं चालतात, पण कुणी कुणाच्या पुढे जायला धावत नाही. यातही मला सगळ्यात आवडतो तो संध्याकाळचा समाजआरतीचा रिवाज. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड वर करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी शांत होत नाही! ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा करतात किंवा तसा शब्द देतात. त्यानंतरच टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, दुसऱ्या दिवशी कधी निघायचं ते सांगतात आणि आरती होते.

जरा विचार करा. तक्रार असलेल्यांनी आवाज करत राहायचं आणि त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय आरती सुरू करायची नाही. एवढ्या मोठ्या जमावाला खोळंबून राहायला लावायचा हक्क एका लहानशा दिंडीला आहे, आणि त्याबद्दल तिला कुणी 'शिस्त मोडली' म्हणत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात 'तक्रार निवारण' म्हणून जे दोन ओळींत येतं, ते इथे आपल्या मातीत, आपल्या टाळांच्या आवाजात उभं आहे. पण शाळेच्या दिंडीत टाळ असतात, हा नियम नसतो.

मी ज्या गावी शिकवायला होते ते पालखीच्या वाटेवर होतं. मुक्काम पुढच्या गावाला, आमच्याकडे दुपारचा विसावा. पुढच्या गावची समाजआरती बघून आल्यावर आम्ही हा नियम वर्गात आणला. दर शनिवारी शेवटच्या तासाला मी हात वर करायचा, वर्गाने शांत व्हायचं, आणि ज्याची तक्रार असेल त्याने बाकावर बोटांनी ताल धरून वाजवत राहायचं. पहिले काही शनिवार नुसता पोरखेळ. पेन्सिल चोरली, वेणी ओढली, डबा खाल्ला. मी सगळं नीट ऐकून घेत असे. सोबतचे शिक्षक हसत. ते हसणारच, वर्गातून आवाजच तसा यायचा.

मग एका शनिवारी सगळा वर्ग शांत झाला आणि मागच्या बाकावरून एकीचाच ताल ऐकू येत राहिला. एरवी तोंडातून शब्द न फुटणारी मुलगी. तिची तक्रार होती की मुलींच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसात असते. ऑफिसात सगळे पुरुष. किल्ली मागायला लाज वाटते, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. ती बोलून खाली बसली आणि इतर मुलींनी बाकावर ताल धरला. एक, दोन, करता करता सगळ्या मुलींनी.

तक्रार ऐकून घेतली म्हणजे काहीतरी करावं लागतं, हा त्या नियमाचा दुसरा भाग. मी मुलींनाच अर्ज लिहायला लावला, सह्या घ्यायला लावल्या, ऑफिसात नेऊन द्यायला लावला. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, मुलांना तक्रारी करायला शिकवू नका. संस्कार शिकवा." मी म्हटलं, "सर, वारीतला संस्कारच शिकवते आहे." तीन आठवडे गेले, आणखी एक अर्ज गेला, आणि शेवटी किल्ली मुलींच्या वर्गप्रतिनिधीकडे आली. त्या वर्षीच्या आषाढीला शाळेची दिंडी निघाली तेव्हा या मुलींच्या हातातले टाळ जरा जास्तच जोरात वाजत होते असं मला वाटलं. माझ्या मनाचा खेळही असेल.

वारीतलाच दुसरा धडा पालखी पुढे गेल्यानंतरचा. आता निर्मल वारीमुळे पुष्कळ सुधारणा झाली आहे, पण तेव्हा विसाव्यानंतर शाळेचं पटांगण पत्रावळी, द्रोण, उष्टं-खरकटं आणि नको त्या घाणीने भरलेलं असायचं. गाडगेबाबा कीर्तनाला गावात गेले की आधी खराट्याने गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. आणि कीर्तनही कसं, तर लोकांना प्रश्न विचारत विचारत केलेलं. त्यांची गोष्ट पुस्तकात असते आणि मुलं ती छान लिहितात. पण झाडायची वेळ आली की खराटा कुणाच्या हातात जातो? कुणी सांगितलं नसतानाही ठराविक मुलांच्याच हातात जायचा. ती मुलं कोणत्या आळीतली, हे मी सांगायला नको. आणि मुलगे 'देखरेख' करणार, मुली झाडणार.

म्हणून मी हजेरीच्या क्रमांकाने पाळी लावली. १ ते १० पटांगण, ११ ते २० पाण्याची टाकी, आणि पुढच्या वेळी क्रम उलटा. दुसऱ्याच दिवशी एक पालक दारात. "आमच्या मुलाला खराटा का दिला?" मी त्यांना मुलाची वही दाखवली. गाडगेबाबांवरचा निबंध, दहापैकी नऊ गुण. म्हटलं, "राहिलेला एक गुण पटांगणात मिळेल." ते रागावूनच गेले. पण मुलाने पाळी चुकवली नाही, हे नमूद करायला हवं.

आणखी एक नमुना देते, माझ्या भागातला नाही पण मला फार आवडलेला. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर आणि त्या बाजूच्या इतर नद्यांवर फड बागायत म्हणून जुनी पद्धत आहे, काही शतकांपासून चालत आलेली. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत असते. पाऊस कमी झाला की पंच ठरवतात, यंदा अमुक फडाला पाणी नाही. मग तोटा एकट्या-दुकट्याचा होत नाही, सगळ्यांचा थोडा थोडा होतो. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, स्वतः कुणी दारं फोडायचं नाही. टंचाई वाटून घ्यायची ही रीत मला तर एखाद्या कायद्याइतकी मोलाची वाटते. गणिताच्या तासाला फडाचा नकाशा काढून पाण्याचं वाटप करायला दिलं तर? समता हा शब्द न उच्चारता ती शिकवून होईल.

आपल्याकडची इर्जिक तशीच. एखाद्याची नांगरट अडली की आळीतले सगळे आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात जायचे, त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. मजुरी नाही. सावडीतही तेच, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. बैल गेले, ट्रॅक्टर आले, इर्जिक जवळजवळ गेलीच. पण तिची गोष्ट सांगणारे आजोबा अजून गावोगाव आहेत. त्यांना शाळेत बोलवा. बोलावल्यावर मुलांनी मात्र एक प्रश्न विचारायलाच हवा. "आजोबा, पन्नास माणसांचा स्वयंपाक कुणी केला? त्या बायकांकडे सावडीला कोण गेलं?"

इथून ती अडचण सुरू होते, जिच्याबद्दल मी वर म्हटलं होतं. परंपरेचे नियम शिकवायला गेलं की ते कुणासाठी होते आणि कुणासाठी नव्हते, हेही समोर येतंच. पंगत आली की पंगतीत कोण कुठे बसे, ते येतं. विहीर आली की विहिरीवर कोण चढू शके, ते येतं. इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या तेव्हा एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या माणसांच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसताना त्यांनी पाहिल्या, आणि ते त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी ते प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. ज्या पंढरपुराला आपण समतेची पेठ म्हणतो, त्या मंदिराची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं तेव्हा! चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ती का बाहेर, हे विठ्ठलाच्या वेशातल्या आपल्या नातवाला आपण कधी सांगतो का?

"कोवळ्या मुलांना हे कशाला?" असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. त्यांना मी एका वर्षीची गोष्ट सांगते. सातवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत काम दिलं होतं की आजीला किंवा आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणि कसं आणायचा? वह्या आल्या. एकाने फार सुंदर लिहिलं होतं. गावविहीर, रहाटाचा आवाज, पहाटेची धांदल, आजीच्या मैत्रिणी. दुसऱ्या एका वहीत त्याच विहिरीबद्दल पाच ओळी होत्या. आजी विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. कधी कधी सूर्य डोक्यावर यायचा.

एकच गाव, एकच विहीर आणि शेजारच्या बाकांवर बसणारी दोन मुलं. मी त्या मुलीला एकीकडे बोलावून विचारलं, तुला चालेल का, की नको वाचायला? ती म्हणाली, "मीच वाचते." तिने वाचलं. वर्ग गप्प झाला. सुंदर लिहिणारा मुलगा उठून म्हणाला, "माझ्या आजीने मला हे नाही सांगितलं." आणि खाली बसला. त्या दिवशी मी पुढे काहीच शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी महाडचा पाठ घेतला. मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. इतकी वर्षं मी हा पाठ शिकवला होता, पण मुलांनी सनावळी न विचारता "मग दहा वर्षं काय झालं?" असं त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं. कागदावरचा हक्क आणि तळ्यावरचा हक्क यांत किती अंतर असतं, हे त्यांना आपल्या विहिरीवरून कळलं होतं. कोवळी मुलं काय, त्यांच्यातल्या निम्म्यांना हे आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते उरलेल्या निम्म्यांना.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. माझे काही पुरोगामी मित्र म्हणतात, बाई, परंपरेत एवढी घाण आहे तर ती वर्गात आणताच कशाला? सरळ संविधान शिकवा. त्यांना मी बाबासाहेबांचीच दोन भाषणं वाचायला सांगते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी आपल्या खेड्यांचे वाभाडे काढले, आणि संवैधानिक नीती आपसूक येत नाही, ती जोपासावी लागते, असंही सांगितलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तेच बाबासाहेब सांगतात की संसदीय पद्धत भारताला नवखी नाही. बौद्ध भिक्षुसंघांत बसण्याच्या जागा, ठराव मांडणं, गणपूर्ती, मतदान, मतमोजणी या सगळ्यांचे नियम होते. परंपरेवर इतकं कडक बोलणाऱ्या माणसाला तिच्यातला हा धागा उचलावासा वाटला. चांगलं ते नियमासकट उचलायचं आणि वाईट त्याला वाईट म्हणायचं, दोन्ही एकाच तोंडाने. मला तरी याहून चांगला मास्तर माहीत नाही.

आणि संविधानालाही हे मान्य आहे. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, अनुच्छेद ५१ क. ती १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आली. कुणी वाचत नाही ते पान. त्यात स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडण्याचं कर्तव्य आहे, आणि त्याच्या लगेच पुढे आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचं. सोडणं आणि जपणं शेजारी शेजारी. थोडं पुढे चौकस बुद्धी वाढवण्याचंही कर्तव्य आहे. म्हणजे परंपरेबद्दल प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, ते नागरिकाचं कामच आहे.

'संमिश्र' हा शब्दही सोडू नका. स्थानिक परंपरा म्हटलं की आपल्याला चटकन आपल्याच घरातली आठवते. वर्गात कुणाच्या घरी मोहरमचे ताबूत बसतात, कुणाकडे नाताळ, कुणाकडे १४ एप्रिल ही वर्षातली सर्वांत मोठी तारीख. अनेक गावांचा उरूस सगळं गाव मिळून करतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकरी संतांमध्ये मानाने गणले जातात. एकाच घरची परंपरा साऱ्या वर्गाची म्हणून दिली, तर बाकीची मुलं पहिल्याच दिवशी पाहुणी होतात. पाहुण्याला कसली आली आहे पात्रता!

माझ्यानंतर शिकवणाऱ्यांना सल्ला देण्याचा मला काही अधिकार नाही, पण म्हातारपणी तेवढी सूट असावी. कोणतीही स्थानिक प्रथा वर्गात आणा, जत्रा, पंगत, देवराई, बैलपोळा, काहीही. आणि मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगा. हिचे नियम कोणते आणि ते मोडले तर काय होतं? हिच्यातलं काम कोण करतं आणि मान कुणाला मिळतो? आणि हिच्या बाहेर कोण राहिलं, ते आत आले का, कसे आले? शेवटी एक नियम निवडून महिनाभर वर्गात पाळून बघा. गुण देऊ नका. गुण आले की मुलं आपल्याला आवडेल तेच लिहितात, हे मी खात्रीने सांगते.

याला फार पैसा लागत नाही. भाड्याची नऊवारीसुद्धा लागत नाही. पण शिक्षकाला थोडा वेळ लागतो, आणि वरच्यांनी 'तक्रारी शिकवू नका' म्हणून अडवू नये एवढं लागतं. हे दोन्ही आज शाळांत कमीच आहे. ऑनलाइन माहित्या भरण्यातून शिक्षकांची सुटका झाली तर बघायचं. असो. त्यावर लिहायला बसले तर आणखी एक लेख होईल.

दिंड्या काढा, नातवंडांना विठोबा करा, फोटोही जरूर पाठवा, मी अंगठा वर करणारच. फक्त फोटो काढून झाल्यावर त्या विठोबाला समाजआरतीची गोष्ट सांगा, आणि चोखोबांचीही. परदेशी मराठी शाळा चालवणाऱ्या आमच्या भाचरांनाही हेच सांगणं आहे.

आणि तुमच्या गावात असा एखादा न लिहिलेला नियम असेल, वाटून घेण्याचा, ऐकून घेण्याचा किंवा कुणाला बाहेर ठेवण्याचा, तर मला नक्की कळवा. चांगला असो, वाईट असो. मी जमवते आहे.